गाठीने काढलेले पाट

शनवाऱ्याच्या वाचकांस कुंडी भंडारा ठाऊकच आहे. सातपुड्याचे पाणी जमिनीखालून बुऱ्हाणपुरात आणणारी ती मोगल काळची कुंड्यांची रांग. कर्करोगाची गाठही असेच पाट काढते. एकदोन मिलिमीटरांपलीकडे वाढावयाचे तर तिला रक्त हवे. म्हणून रासायनिक निरोप धाडून ती जवळच्या रक्तवाहिन्यांस नवे फाटे फोडावयास लावते.

हे फाटेच अडवावेत, हा विचार अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. २००४ साली बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले, पण ते भारी महाग.

बुऱ्हाणपुराहून रेल्वेने गाठता येणाऱ्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्वस्त वाट चोखाळली. डोके व मान यांचा बरा न होणारा कर्करोग जडलेल्या ४२२ रुग्णांपैकी काहींस शिरेवाटे सिस्प्लॅटिन दिले, इतरांस मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब यांच्या अल्प मात्रेच्या गोळ्या. या गोळ्या नव्या रक्तवाहिन्यांसही आवर घालतात, असे मानतात. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले: शिरेवाटे औषध घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ६.१ महिने, गोळ्या घेणाऱ्यांचे ७.५, शिवाय त्रासही कमी. दीड महिना थोडाच, असे कोणी म्हणेल. ज्या घरी रोगी आहे तेथे विचारावे.

मात्र मेथोट्रेक्सेट येथे आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते.