पदराला खार आणि हाती 'खारान्सी'

मंडळी, दरवर्षी आपल्या स्मरणिकेत प्रवासवर्णनं, आजीच्या हातच्या पुरणपोळ्या आणि मुलांच्या कविता वाचून मन प्रसन्न होतं. यंदा मात्र संपादकांची परवानगी घेऊन मी ही दोन-तीन पानं भांडणासाठी वापरणार आहे. भांडण आहे जुन्या गाडीबरोबर विकल्या जाणाऱ्या 'वाढीव गॅरंटी'शी, आणि थोडंसं आपल्याच माणसांशी. कारण गणपतीच्या पंगतीत कोणी नवखा "सेकंडहँड गाडी घेतोय, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का?" असं विचारतो, तेव्हा आमटी वाढणाऱ्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळे एकच सल्ला देतात, "घेऊन टाक रे, मनःशांती मिळते!"

माझं म्हणणं असं, की या देशात व्यापाऱ्याकडून जुनी गाडी घेताना वर पैसे मोजून गॅरंटी घेणं म्हणजे आपल्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून विकत घेणं. गॅरंटीचा डच उच्चार साधारण 'खारान्सी' असा होतो. आपण पदराला खार लावून ही खारान्सी घरी आणतो, आणि घरात आधीपासून काय होतं ते बघतच नाही.

उदाहरण देतो. गेल्या वर्षी पिंपरीहून नुकतंच ब्रेडाला आलेलं एक तरुण जोडपं मला म्हणालं, "काका, गाडी बघायला याल का? तुम्हाला डच येतं." शहराबाहेर, महामार्गाला लागून असलेल्या एका गाडीविक्रेत्याकडे गेलो. (नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही, कारण अशी दुकानं प्रत्येक गावात आहेत.) सात वर्षं जुनी पेट्रोल गाडी, ९२,००० किलोमीटर पळालेली, काचेवर किंमत ९,४५० युरो. कॉफी आली, बिस्किट आलं, आणि मग विक्रेत्याने हळूच सांगितलं की ही 'मेनेमप्रेइस', म्हणजे 'आहे तशी घेऊन जा' किंमत. गॅरंटी हवी असेल तर पॅकेज घ्यावं लागेल. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण! गाडी घेतोय की ऑलिंपिकला चाललोय, कळेना. सुवर्ण पॅकेज दोन वर्षांचं, १,२९५ युरो. "आणि पॅकेज नाही घेतलं तर?" मी विचारलं. "मग गेटबाहेर पडल्यावर गाडी तुमची आणि नशीबही तुमचं," तो हसत म्हणाला.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते चूक आहे.

अटींची पुस्तिका मागितली. दोनदा मागावी लागली. चौदा पानं, बारीक टाईप, सगळं डचमध्ये. जोडप्याला बाजूला बसवून मी ती तिथेच वाचून काढली, आणि विक्रेत्याने त्या वेळात तीनदा घड्याळ बघितलं. क्लच, ब्रेक, शॉक अॅब्सॉर्बर, बॅटरी, सायलेन्सर या सगळ्या गोष्टी 'झिजणारे भाग' म्हणून वगळलेल्या. एका दुरुस्तीला जास्तीत जास्त १,००० युरो. गाडी एक लाख किलोमीटरच्या पुढे गेली की सुट्या भागांचे फक्त ६० टक्के पैसे. आणि हे जोडपं तर तो आकडा वर्षभरातच ओलांडणार होतं. बिघाड शोधायला लागणारे तास ग्राहकाच्या खर्चाने. सर्व्हिसिंग ठरल्या तारखेला आणि मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्येच, एकदा चुकलं की सगळंच रद्द. आणि गाडी उघडण्याआधी फोन करून परवानगी घ्यायची.

ब्रेडात राहणाऱ्याला इथे १५९० सालची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. गाव स्पॅनिश सैन्याच्या ताब्यात होतं. किल्ल्यात जळणासाठी पीट, म्हणजे वाळवलेली दलदलीची माती, घेऊन जाणारी एक नाव आत सोडली गेली. पहारेकऱ्यांना नेहमीचा माल दिसला. त्या मातीखाली सत्तरेक डच सैनिक दडलेले होते, आणि ४ मार्चला गाव पडलं. लाल महालावरचा छापा ज्यांच्या रक्तात आहे त्यांना ही युक्ती आवडणारच. पण गॅरंटीच्या कागदात आपण पहारेकऱ्यांच्या बाजूला असतो! वर 'मनःशांती', खाली चौदा पानं.

आता आपल्या विहिरीकडे वळू. डच नागरी संहितेच्या सातव्या पुस्तकातलं सतरावं कलम सांगतं की विकलेली वस्तू करारात बसणारी हवी, म्हणजे ग्राहकाला तिच्याकडून जी वाजवी अपेक्षा करता येते ती तिने पुरी करायला हवी. हे जुन्या वस्तूलाही लागू आहे. विकणारा व्यापारी आणि घेणारा सामान्य ग्राहक असेल तर हा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. पावतीवर 'गॅरंटीशिवाय' असा शिक्का मारला, 'मेनेमप्रेइस' लिहिलं, तरी तो हक्क राहतोच. व्यापाऱ्याने आपण होऊन दिलेली गॅरंटी या हक्काच्या वर असते, त्याच्या जागी नाही.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की गाडी दिल्यापासून वर्षभरात दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं कायदा गृहीत धरतो. नव्हता हे सिद्ध करणं विक्रेत्याचं काम. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. युरोपीय निर्देशानुसार २७ एप्रिल २०२२ पासून इथे ती एक वर्ष झाली. वर्षानंतरही हक्क संपत नाही, फक्त सिद्ध करायचा भार आपल्याकडे येतो. ब्रेडातले काही लोक अँटवर्पला जाऊन गाडी आणतात, त्यांच्यासाठी जाता जाता सांगतो, बेल्जियममध्ये व्यापाऱ्याची जबाबदारी दोन वर्षांची असते, पण जुन्या मालासाठी ती करारात एक वर्षावर आणता येते. तिथली पावती अधिक जपून वाचा.

हे सगळं कागदावरच छान दिसतं असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरा खटला. २००८ च्या मे महिन्यात एका डच बाईंनी गॅरेजकडून जुनी गाडी घेतली. सप्टेंबरात चालत्या गाडीने पेट घेतला आणि ती जळून खाक झाली. गाडी पुढे भंगारात गेल्यामुळे आग कशाने लागली हे तपासताही येईना. खालच्या कोर्टात त्या हरल्या. अपिलाच्या कोर्टाने युरोपीय न्यायालयाला प्रश्न विचारले आणि ४ जून २०१५ रोजी लक्झेंबर्गहून उत्तर आलं (खटला क्रमांक सी-४९७/१३). ग्राहकाने दोष दाखवायचा आणि तो मुदतीत दिसला एवढं सांगायचं. दोषाचं कारण किंवा दोष विक्रेत्यामुळे आला हे सिद्ध करायची गरज नाही. इतकंच नव्हे, तर ग्राहकाने मागितलं नसलं तरी न्यायाधीशाने हा नियम आपणहून लावला पाहिजे. जळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत हे म्हटलं गेलंय, मंडळी!

अर्थात कायदा म्हणजे कामधेनू नव्हे. पंधरा वर्षांची गाडी दीड हजारात घेऊन तिने नव्यासारखं धावावं ही अपेक्षा वाजवी ठरत नाही. वय, किलोमीटर, किंमत आणि विक्रेत्याने काय सांगितलं, हे सगळं बघितलं जातं. नेहमीची झीज आपलीच. पण रस्त्यावर चालवायला घेतलेली गाडी सुरक्षितपणे चालवता आलीच पाहिजे, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच सांगून ठेवलंय.

मला राग येतो तो गॅरंटीचा अर्थच उलटा केल्याचा. १९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ साली त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं आपल्या भाजीबाजारात कोणीही सांगेल. विकणाऱ्याला माल माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून चांगला माल बाजारातून हटतो आणि किडका उरतो. यावर त्याने जे उपाय सांगितले त्यात गॅरंटी आहे, कारण तिच्यामुळे धोका विकणाऱ्याच्या अंगावर येतो. "माल चांगला आहे, नाहीतर मीच भरीन." हीच गॅरंटी तो मला १,२९५ युरोंना विकतो तेव्हा तो काय सांगतो? धोका पुन्हा माझ्याच खिशात! ज्याला आपल्या गाडीची खात्री आहे, त्याने ती खात्री किमतीतच द्यावी. नियमही असा आहे की टाळता न येणारा खर्च जाहिरातीतल्या किमतीत धरलेला हवा. ग्राहक आणि बाजार प्राधिकरणाची म्हणजे ए.सी.एम.ची त्यावर नजर असते.

"पण विमा नको का?" असं आमचे एक स्नेही नेहमी विचारतात. हवा ना! जे नुकसान आपल्याला बुडवेल त्याचा विमा हवा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा मोटार विमा इथे सक्तीचा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण कोणाला धडक बसली तर ती रक्कम आपल्या आवाक्याबाहेरची असते. या पुस्तिकेत उलटं आहे. गिअरबॉक्स गेला आणि तीन हजार लागले तर हे हजार देऊन मोकळे. म्हणजे मोठा फटका आपल्यालाच, किरकोळ दुरुस्ती वगळलेली, आणि मधली जी उरते तिच्यासाठी महिना ५४ युरो. ते ५४ युरो बँकेत वेगळे ठेवा. गाडी बिघडली तर कामाला येतील, नाही बिघडली तर भारतवारीला.

आपल्यालाच हे पॅकेज इतक्या सहज का विकलं जातं, याचा मी बराच विचार केलाय. भाषा हे एक कारण. पण दुसरं कारण आपण सामानातून बरोबर आणलेलं आहे. लहानपणापासून प्रत्येक दुकानात पाटी वाचली, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ती पाटी इतकी मुरली आहे की दुकानाची पायरी उतरलो म्हणजे हक्क संपला असंच वाटतं. आणि हे वाटतं कोणाला? ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या पुण्याच्या लोकांना! मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, त्याआधी बारा वर्षं आपली माणसं यासाठी झटत होती. आणि आपण इथे येऊन कांस्य घेऊ की रौप्य, याची चर्चा करतो.

सगळ्याच गॅरंट्या टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. उत्पादकाची उरलेली गॅरंटी सोन्यासारखी असते आणि ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे येते. किआची युरोपात सात वर्षं किंवा दीड लाख किलोमीटर असते. विजेच्या गाड्यांच्या मुख्य बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं देतात. असली गाडी घेतलीत तर वाढीव गॅरंटी विचारूसुद्धा नका. खाजगी माणसाकडून घेणाऱ्याला मात्र वर सांगितलेलं वर्षभराचं गृहीतक मिळत नाही, आणि फ्रीलान्स करणाऱ्यांनी कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर तेही ग्राहक उरत नाहीत. अशांनी एखादी चांगली गॅरंटी, अटी वाचून, घेतली तर मी भांडायला येणार नाही. तरी त्याआधी ए.एन.डब्ल्यू.बी.कडून गाडी तपासून घ्या, आणि आर.डी.डब्ल्यू.च्या नोंदीत नंबर टाकून किलोमीटरचा आकडा 'तर्कसंगत' आहे का ते फुकट बघा. नुसत्या ए.पी.के.वर विसंबू नका. ती सुरक्षितता आणि प्रदूषणाची किमान परीक्षा आहे, गिअरबॉक्सची प्रकृती ती सांगत नाही.

"कायदा आहे हो, पण भांडत कोण बसणार?" हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात मराठी. गॅरंटी घेतली तरी भांडायचंच असतं, फक्त विक्रेत्याऐवजी फोनवरच्या विमा कंपनीशी. त्या जोडप्याने पॅकेज न घेता गाडी घेतली. पाचव्या महिन्यात पाण्याचा पंप गळू लागला. पहिल्या ई-मेलला 'गॅरंटी नव्हती' असं उत्तर आलं. दुसऱ्यात सतरावं कलम आणि एक वर्षाचा नियम लिहिला, तेव्हा पंप फुकट बदलून मिळाला. ब्रेक पॅडचे पैसे मात्र त्याने घेतले, आणि ते बरोबरच होतं. त्याने ऐकलंच नसतं तर पुढे तंटा समिती आहे, विक्रेता तिच्याशी जोडलेला असेल तर. नाहीतर कांटोनरेख्टर, म्हणजे छोट्या दाव्यांचा न्यायाधीश. २५,००० युरोंपर्यंतचा दावा तिथे चालतो, वकील लागत नाही आणि त्याचं कोर्ट आपल्या ब्रेडातच आहे.

फक्त दोष दिसला की लगेच लेखी कळवा. दोन महिन्यांच्या आत कळवलं तर उशीर झाला असं विक्रेत्याला म्हणता येत नाही. फोनवर बोललात तरी मागून ई-मेल पाठवा. डच पत्राचा नमुना माझ्याकडे तयार आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मी बहुतेक चहाच्या टेबलापाशी असेन. येताना गाडीची पावती घेऊन या.