खोक्याची जोड आणि छोट्या कारखान्यांची कोंडी

साबण, बिस्किटे, औषधे, पंखे, द्राक्षे, आंबे - पुठ्ठ्याच्या खोक्यावाचून बाजारात पोहोचणारी वस्तू आज शोधावीच लागेल. वस्तू हाती आली की खोके रद्दीत जाते आणि ते कोणी, कसे बनवले हा प्रश्न कोणाला पडत नाही. मात्र या खोक्याच्या निर्मितीतील शेवटची आणि वरकरणी क्षुल्लक वाटणारी एक क्रिया, म्हणजे कापलेल्या पुठ्ठ्याची घडी घालून त्याची दोन टोके जोडणे, आज या उद्योगातील हजारो छोट्या कारखान्यांच्या भवितव्याशी निगडित झाली आहे. हे काम आजवर माणसाच्या हातांनी आणि पायाने होत आले. आता ते यंत्र करू लागले आहे. यंत्र येणार की नाही, हा वादाचा मुद्दा उरलेला नाही. ते कोणाला परवडणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे.

पन्हळी पुठ्ठ्याचे खोके तयार होण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे. क्राफ्ट कागदाच्या रिळातून निघालेल्या कागदाला दातेरी, तापलेल्या रुळांमधून पन्हळीचा आकार दिला जातो. त्यावर खळीने दुसरा कागद चिकटवला जातो. पुठ्ठा हवा तितका जाड होईपर्यंत असे थर चढवून तो दाबून सुकवला जातो. मग त्याचे मापाने तुकडे करणे, घडीच्या रेषा उमटवणे, खाचा पाडणे आणि छपाई. मोठ्या स्वयंचलित प्रकल्पात कागद एका टोकाने आत जातो आणि दुसऱ्या टोकाने तयार पुठ्ठा बाहेर पडतो. छोट्या, अर्धस्वयंचलित कारखान्यात मात्र प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे यंत्र असते आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे माल वाहून नेणारी माणसे असतात. देशात असे दहा हजारांहून अधिक अर्धस्वयंचलित कारखाने असून संपूर्ण उद्योगावर सुमारे सहा लाख लोकांचा रोजगार अवलंबून आहे, असे या उद्योगाचा महासंघ सांगत आला आहे. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत, मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने, असे छोटे कारखाने वर्षानुवर्षे उभे आहेत.

या साखळीत सर्वाधिक हातकाम शेवटच्या जोडीला लागते. कामगार पुठ्ठ्याची घडी घालतो, तीन-चार सेंटिमीटरची पट्टी दुसऱ्या कडेवर बरोबर बसवतो, ती यंत्राच्या दांड्यावर धरतो आणि पायाने पट्टा दाबतो. तारेचा तुकडा कापला जाऊन पुठ्ठ्यात रुततो. पुठ्ठा पुढे सरकवायचा, पुन्हा पाय. एका खोक्याला उंचीनुसार अशा अनेक पिना. घडी घालून सरसाने जोडणारे स्वयंचलित यंत्र हे सारे काम एका ओघात उरकते. पुठ्ठे एकामागून एक आत ओढले जातात, पट्टीवर सरस लागतो, पट्टे आणि मार्गदर्शक दांडे दोन्ही बाजू वळवतात, जोड दाबली जाते आणि मोजलेले गठ्ठे बाहेर पडतात. काही यंत्रांत छपाई आणि खाचाही याच ओघात होतात.

दोन क्रिया एकत्र करण्याची ही कल्पना नवी नाही. पुठ्ठा कापणे आणि त्यावर घडीची रेषा उमटवणे ही कामे एकाच दाबात करता येतील, हे ब्रुकलिनमधील कागदी पिशव्यांचे उत्पादक रॉबर्ट गेअर यांनी १८७९ मध्ये ओळखले. घडीचे तयार खोके मोठ्या प्रमाणावर बनू लागले, ते तेव्हापासून. त्यानंतर या उद्योगातील प्रत्येक सुधारणेने दोन टप्प्यांमधला माणूस कमी केला आहे.

मग छोट्या कारखानदाराला आताच या यंत्राची निकड का भासावी? त्याचे उत्तर त्याच्या कारखान्यात नसून त्याच्या ग्राहकाच्या कारखान्यात आहे. साबण वा बिस्किटांच्या मोठ्या कारखान्यात आता खोके उघडून उभे करण्याचे, भरण्याचे आणि बंद करण्याचे काम यंत्रे करतात. माणूस वाकडी जोड हाताने सरळ करून घेतो. यंत्राला ती सोय नाही. जोड काही मिलिमीटर तिरपी गेली की खोके अडकते आणि सारी ओळ थांबते. त्यातच अन्न आणि औषध उद्योगांना तारेच्या पिना नकोशा झाल्या आहेत. पीन गंजते, निसटून मालात पडू शकते आणि धातू शोधणाऱ्या तपासणी यंत्रणेला गोंधळात टाकते. म्हणून सरसाने जोडलेले, काटकोनात नेमके बसणारे खोके मागितले जाते. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला ओढून आणावे, असा हा प्रकार आहे. पुरवठादाराला निवड करण्यास फारसा वाव नाही.

कामगाराच्या दृष्टीनेही जुन्या यंत्राचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पिनेच्या डोक्याखाली बोट जाणे हा या कामातील नित्याचा धोका. दिवसभर उभे राहून एकाच पायाने पट्टा दाबायचा आणि नजर मात्र पट्टीवरून हलू द्यायची नाही. दिवस संपत येतो तसा हा धोका वाढतो. अशा कामातून माणसाची सुटका होत असेल, तर ती स्वागतार्हच म्हटली पाहिजे. पण सुटका आणि हकालपट्टी यांत फरक असतो. तो फरक यंत्र ठरवत नाही. कारखान्याची आर्थिक स्थिती आणि सरकारचे धोरण ठरवते.

आर्थिक स्थितीचा विचार करता छोटा खोकेवाला दोन बलाढ्यांच्या मध्ये सापडला आहे. वरच्या बाजूला कागद गिरण्या, खालच्या बाजूला मोठे खरेदीदार. खोक्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कागदाचा, आणि कागदाचा भाव त्याच्या हातात नाही. चीनने १ जानेवारी २०२१ पासून टाकाऊ कागदासह सर्व घनकचऱ्याची आयात बंद केली. परिणामी भारतीय गिरण्यांतून पुनर्वापरित लगद्याच्या रिळांची चीनकडे निर्यात वाढली, रद्दीची टंचाई झाली आणि देशात क्राफ्ट कागदाचे भाव भडकले. खरेदीदारांनी मात्र खोक्याचे दर त्या वेगाने वाढवून दिले नाहीत. त्या काळात अनेक कारखान्यांना उत्पादन आवरते घ्यावे लागले. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, आणि तसे न केल्यास तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजा न मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तथापि, ज्या खरेदीदारावर वर्षभराचे काम अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास छोटा पुरवठादार सहसा धजावत नाही.

त्यात वस्तू व सेवा कराची भर पडली. पन्हळी खोक्यांवरील कर ऑक्टोबर २०२१ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला, जुलै २०२४ मध्ये तो पुन्हा १२ टक्क्यांवर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. चार वर्षांत तीन बदल. शेवटची कपात ग्राहकांसाठी, सफरचंद उत्पादकांसारख्या शेतकऱ्यांसाठी दिलासादायक खरीच. पण त्याच वेळी क्राफ्ट कागदावरील कर १२ वरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. म्हणजे कच्च्या मालावर १८ आणि तयार मालावर ५. समजा, १०० रुपयांच्या खोक्यात ६० रुपयांचा कागद आहे. कारखानदाराने कागदावर १० रुपये ८० पैसे कर भरला. विक्रीवर त्याला मिळाले केवळ ५ रुपये. उरलेले ५ रुपये ८० पैसे सरकारकडून परत मागायचे. अशा परताव्यापैकी ९० टक्के रक्कम तात्पुरती म्हणून लवकर देण्याची शिफारस परिषदेने केली, हे मान्य करावे लागेल. तरीही परतावा हाती पडेपर्यंत खेळते भांडवल अडकून राहते, आणि छोट्या कारखान्याकडे कमतरता असते ती नेमकी त्याचीच.

यंत्राच्या बाबतीत तर ही अडचण अधिकच बिकट आहे. उलट्या कररचनेपोटी मिळणारा परतावा कच्च्या मालावरील करापुरताच असतो. यंत्रसामग्रीवर भरलेला कर त्या सूत्रात धरला जात नाही. समजा, कारखानदाराने ४० लाखांचे जोडयंत्र घेतले. त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ७ लाख २० हजारांचा कर भरला. नेहमीच्या उद्योगात ही रक्कम विक्रीवरील करातून हळूहळू वळती होते. येथे विक्रीवरचा कर कागदावरील वजावटीतच संपतो. यंत्रावरील कर खात्यावर दिसतो, पण वापरता येत नाही. वजावट सोडून देऊन ही रक्कम यंत्राच्या किमतीत मिळवायची आणि तिच्यावर घसारा घ्यायचा, ही एक वाट आहे. परंतु त्यातून परत मिळतो तो रकमेचा काही अंश, तोही वर्षानुवर्षांनी.

याची तुलना पूर्वीच्या धोरणाशी केली तर विसंगती स्पष्ट होते. लघुउद्योगांच्या तंत्रज्ञान सुधारणेसाठी केंद्राची कर्जसंलग्न भांडवली अनुदान योजना होती. एक कोटीपर्यंतच्या कर्जावर १५ टक्के अनुदान मिळे आणि पात्र उद्योगांच्या यादीत पन्हळी खोक्यांचा उद्योग होता. सर्वसाधारण उद्योजकांसाठी ही योजना मार्च २०२० नंतर चालू राहिली नाही. वरच्याच उदाहरणात सारी रक्कम कर्जाने उभी केली असती, तर त्या योजनेत कारखानदाराला ६ लाखांचे साहाय्य मिळाले असते. आज त्याचे ७ लाख २० हजार अडकतात. आधुनिकीकरणाचा उपदेश करणारी व्यवस्था आधुनिकीकरणावरच दंड बसवते, असा याचा अर्थ. मोठ्या कंपनीला हा भार पेलतो. तिचे इतर व्यवहार असतात, बँक तिच्या दारी येते. छोट्याला तो पेलत नाही.

कामगारांच्या बाजूने पाहिले तर चित्र याहून चिंताजनक आहे. खोके बनवणारी यंत्रे माणसांची जागा कशी घेतात, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. ग्राहकाच्या वस्तूभोवती तिच्या मापाचे खोके जागच्या जागी घडवणारी इटालियन बनावटीची यंत्रे अ‍ॅमेझॉन आपल्या काही गोदामांत बसवत असल्याचे वृत्त ‘रॉयटर्स’ने मे २०१९ मध्ये दिले होते. ताशी ६०० ते ७०० खोकी, म्हणजे माणसाच्या चार-पाच पट वेग. यंत्राची किंमत दहा लाख डॉलर, आणि ती दोन वर्षांच्या आत वसूल होण्याची अपेक्षा. एका गोदामात दोन यंत्रे बसली तर किमान २४ जागा कमी होणार होत्या. ५५ गोदामांचा हिशेब १,३०० हून अधिक जागांचा होता. बचतीतून नव्या सेवा आणि नवे रोजगार निर्माण होतील, अशी कंपनीची भूमिका होती. एवढ्या अवाढव्य कंपनीत कामगाराला दुसऱ्या कामावर नेणे निदान शक्य तरी असते. वीस माणसांच्या कारखान्यात दुसरे काम उरतेच कोठे? तेथे प्रथम जाणारे हात बहुधा कंत्राटी कामगारांचे आणि घडी घालणाऱ्या, चिकटवणाऱ्या, गठ्ठे बांधणाऱ्या स्त्रियांचे असतात. नव्या यंत्राचा चालक म्हणून त्यांना शिकवून तयार करण्याचा विचार क्वचितच होतो.

येथे कायद्यातील एका बदलाची दखल घ्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. विजेवर चालणाऱ्या उद्योगाला ‘कारखाना’ ठरवण्यासाठी १९४८ च्या कायद्यात दहा कामगारांची अट होती. नव्या संहितेत ती वीस झाली. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहितेतील सर्वसाधारण तरतुदी लागू आहेत, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींची कक्षा आक्रसली. यंत्र आल्याने कामगार चोवीसवरून अठरावर आले, तर उरलेल्या अठरा जणांचे कारखाना कामगार म्हणून असलेले संरक्षणही पातळ होते. म्हणजे यंत्र अधिक वेगवान आणि देखरेख अधिक सैल. फिरत्या पट्ट्यांना आणि रुळांना संरक्षक जाळी असणे अशा ठिकाणी मालकाच्या सद्बुद्धीवर सोपवून चालणार नाही.

अर्थात, यंत्र सर्वत्र हातकाम संपवील असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. यंत्राला माप बदलताना जुळणी करावी लागते, त्यात वेळ जातो. एकाच मापाची हजारो खोकी असतील तर ते परवडते. दोनशे-तीनशेच्या मागणीला नाही. कोकणातील आंबा बागायतदाराला हंगामात थोडी, पण वेगवेगळ्या मापांची खोकी तातडीने लागतात. लहान उद्योजकांचेही तसेच. येथे छोट्या कारखान्याची लवचिकता आजही मोलाची आहे. शिवाय एकच टप्पा स्वयंचलित केल्याने सारा कारखाना वेगवान होत नाही. मागची छपाई आणि खाचांचे काम जुन्याच गतीने चालले, तर महागडे जोडयंत्र अर्धा वेळ रिकामे उभे राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो. ही वेळ टाळण्यासाठी यंत्राआधी मागणीचा हिशेब मांडायला हवा.

या परिस्थितीत काही गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. कागद आणि खोके यांच्या करदरांतील दरी कमी करणे, किंवा ते शक्य नसल्यास यंत्रसामग्रीवरील करालाही परताव्याच्या सूत्रात स्थान देणे, ही पहिली. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या समूह विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. एका वसाहतीतील दहा कारखान्यांनी मिळून एक जोडयंत्र चालवले, तर ते रिकामे राहणार नाही आणि कर्जाचा भारही विभागला जाईल. अशा साहाय्याला विद्यमान कामगारांच्या प्रशिक्षणाची आणि यंत्रावरील संरक्षक साधनांची अट घालणे हे त्यापुढचे पाऊल. यांपैकी कोणतीही गोष्ट अव्यवहार्य नाही.

पायाने पट्टा दाबत बोटे सांभाळण्याचे काम इतिहासजमा झाले, तर कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण त्या कामासोबत ते करणारी माणसे आणि त्यांना काम देणारे छोटे कारखानेही इतिहासजमा झाले, तर ती केवळ तंत्रज्ञानाची करणी म्हणून सोडून देता येणार नाही. कराचे दर आणि कायद्याच्या मर्यादा माणसांनीच ठरवल्या आहेत. त्या बदलण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते.