डोंगराला नाव ठेवताना

आमच्या धंद्यात व्हेरिएबलला 'टेम्प १', 'टेम्प २' अशी नावं देणाऱ्याचा कोड रिव्ह्यूमध्ये यथेच्छ उद्धार होतो. नाव वाचून आत काय आहे ते कळलं पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. हाच नियम जरा सह्याद्रीला लावून बघा.

कर्जतजवळच्या खांडसहून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा आहेत. गणेश घाटात गणपतीचं देऊळ लागतं. वाट लांबची पण सोपी. शिडी घाटात कातळाला शिड्या लावल्यात. म्हणजे नावातच इशारा आहे: उंचीची भीती वाटते? मग गणपतीबाप्पाकडून जा :-)

हरिश्चंद्रगडाचा कोकणाकडे तोंड केलेला कडा तो कोकणकडा. खडकाला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं, म्हणजे सुईचं भोक. राजगडावर आहे, रतनगडावरही आहे. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली धोंड्यांनी भरलेली उभी घळ. लिंगाण्याजवळ 'बोराट्याची नाळ' आहे म्हटलं, की जाणकार ओळखतो: इथे हात वापरावे लागणार, आणि वरून दगड येऊ शकतो. ही नावं गुराख्यांनी, घाट चढणाऱ्यांनी वापरून घासूनपुसून लख्ख केलेली आहेत.

मग साहेब आला. महाबळेश्वरचं सगळ्यात उंच ठिकाण सिंदोळा; १९२० च्या दशकातल्या गव्हर्नरवरून त्याचा विल्सन पॉइंट झाला. नाकेखिंडीचा केट्स पॉइंट झाला, केट म्हणजे गव्हर्नर माल्कम यांची लेक. खिंड शब्दाने जागा तरी कळत होती, केटवरून काय कळणार? अर्थात साहेब नेहमी आंधळाच होता असं नाही. तिथल्याच आरपार भोक असलेल्या दगडाला त्याने 'नीडल होल' म्हटलं, म्हणजे आपलं नेढंच की! खंडाळ्याजवळच्या सुळक्यात त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ साली असईला मराठ्यांशी लढाई केली. पण ड्यूक्स नोज समजायला ड्यूकचं चित्र पाहिलेलं असावं लागतं. नागफणी समजायला नुसता नाग पुरतो.

साहेब जाऊन पंचाहत्तरहून अधिक वर्षं झाली. आता नावं कोण पुसतंय? आपणच, शनिवार-रविवारी गाड्या काढून जाणारे. नाणेघाट ही जुन्नरहून कल्याणकडे उतरणारी व्यापारी वाट. तिथे सातवाहनांचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. पावसाळ्यात आपण तिथे 'रिव्हर्स वॉटरफॉल'ला जातो. बाकी सगळीकडे सनसेट पॉइंट, सेल्फी पॉइंट, व्ह्यू पॉइंट. हेच ते 'टेम्प १', 'टेम्प २'!

मी पाट्या बदला म्हणत नाहीये. विल्सन राहू दे तिथे. पण समजा, उतरताना कुणाचा पाय मोडला. फोनला एक काडी रेंज आहे, बॅटरी चार टक्के. खालच्या गावातून दोर घेऊन निघणाऱ्याला तुम्ही काय सांगणार? "व्ह्यू पॉइंटच्या थोडं खाली"? त्याच्या डोक्यातला नकाशा नाळ, सोंड, पदर, खिंड या शब्दांचा आहे. तुम्ही अमक्या नाळेत अडकलात एवढं कळलं, तरी त्याची शोधाशोध वाचते.

आणि हा नकाशा कुठे बॅकअप घेतलेला नाही. गुरं कमी झाली, गावातली पोरं पुण्या-मुंबईला आली, आपल्याच शेजारच्या क्युबिकलमध्ये बसलीत. कड्याच्या प्रत्येक वळणाचं नाव सांगणारी म्हातारी माणसं मात्र अजून गावात आहेत.

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रेकला पिठलं-भाकरी खाताना मामांना समोरच्या कड्याचं नाव विचारा. नाव तसंच का पडलं तेही विचारा. सांगितलेली गोष्ट इतिहास असेलच असं नाही, पण नाव लिहून घ्या. फोटो टाकताना तेच टाका. दोन मिनिटांचं काम आहे.