घडणावळ कोणाच्या हाती?

साखरपुड्याला अंगठी हवीच, हा आग्रह महाराष्ट्रात फार जुना नाही. आमच्या लहानपणी मुलीच्या ओटीत नारळ, साडी आणि साखरेचा पुडा पडला की सोयरीक पक्की समजली जाई. ज्याची ऐपत असे तो एखादा दागिना घाली. हिऱ्याच्या अंगठीवाचून वाङ्‌निश्चय अपुरा, ही समजूत तर डी बीअर्स या हिरे कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत जाहिरातींच्या बळावर रुजवली आणि कालांतराने ती चित्रपटांच्या व बाजारपेठेच्या वाटेने आपल्याकडे आली.

हे सर्व ठाऊक असूनही माझ्या धाकट्या मुलीने अंगठीचा विषय काढला तेव्हा मी वाद घातला नाही, कारण तिची मागणी निराळी होती. माझ्या आईची तुटलेली जोंधळी पोत घरात पडून होती. त्याच सोन्याची, जोंधळ्याच्या कणसाची नक्षी असलेली अंगठी तिला हवी होती. नक्षी तिने स्वतः कागदावर काढली होती. ती घडवून देणारा सोनार शोधण्याचे काम निवृत्त माणसाला रिकामपण असते या न्यायाने माझ्याकडे आले. त्यात तीन आठवडे गेले.

आम्ही सूसला राहतो. मुळशी तालुक्यातील हे गाव २०२१ च्या जूनअखेरीस अन्य बावीस गावांसह पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. जुन्या गावगाड्यात सोनार कोठे बलुतेदारांत, तर कोठे अलुतेदारांत गणला जाई. दागिने घडवणे आणि नाण्यांचा कस पाहणे ही त्याची कामे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीने जखडलेली होती आणि सोनाराच्या हातचलाखीबद्दल गावात उघड बोलले जाई. परंतु गिऱ्हाईक आणि घडवणारा हात समोरासमोर बसत, शेगडीवर मूस चढलेली दोघांनाही दिसे, एवढे मात्र खरे. आज तीच गोष्ट दुर्लभ झाली आहे.

प्रथम आम्ही घराजवळच्या दोन-तीन झगमगीत दालनांत गेलो. तेथे आपल्या पसंतीची अंगठी घडवून मिळते असे सांगण्यात आले; पसंती मात्र संगणकाच्या पडद्यावरील तयार नमुन्यांतूनच करायची होती. आजीचे सोने घटीची वजावट करून जमा करून घेऊ, दुसऱ्या सोन्याची अंगठी देऊ, असे उत्तर मिळाले. आणि घडणावळ? सोन्याच्या किमतीच्या बारा टक्के.

या टक्क्यापाशी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. २०१८ च्या सुमारास दहा ग्रॅम सोने तीस हजारांच्या घरात होते. पाच ग्रॅमच्या अंगठीचे सोने पंधरा हजारांचे, म्हणजे बारा टक्क्यांनी घडणावळ अठराशे रुपये. २०२५ साली भावाने लाखाचा आकडा ओलांडला. पन्नास हजारांच्या सोन्यावर तीच घडणावळ सहा हजार होते. अंगठी तीच, घाव तितकेच, डाग देण्यास लागणारा वेळही तेवढाच. श्रमात तसूभर वाढ नसताना श्रमाच्या नावाने घेतलेली रक्कम तिपटीहून अधिक झाली. सराफ सांगतात की मालात गुंतलेल्या भांडवलाचे व्याज, विमा, जागेचे भाडे हे सारे त्यातूनच भागवावे लागते. हा युक्तिवाद पोकळ नाही. भाव वाढला की दुकानातील मालावरचे व्याजही वाढते. पण मग त्यास व्याज म्हणावे, घडणावळ का म्हणावे? शिवाय आमचे तर सोनेही घरचे होते. त्यात पेढीचे भांडवल किती गुंतणार होते?

शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याने रविवार पेठेतील एका माडीवर नेले. दहा बाय बाराच्या खोलीत सहा बंगाली कारागीर मांडी घालून बसले होते. रात्री तेथेच झोपत. पुण्यातील अनेक पेढ्यांचे दागिने अशाच खोल्यांतून घडतात. त्यांच्यातील वडीलधाऱ्याने मुलीचा कागद दिव्याखाली धरला आणि कणसाच्या दाण्यांची ओळ कोठे तुटेल ते बोटाने दाखवले. तीन आठवड्यांत नक्षीकडे नीट पाहणारा हा पहिला माणूस. त्याला मजुरी ग्रॅममागे ठरावीक रुपयांनी मिळते, टक्क्याने नव्हे. भाव तिप्पट झाला म्हणून तुमची मजुरी वाढली का, असे विचारल्यावर तो नुसता हसला. उलट सोने महागल्यापासून लोक हलके दागिने घेतात, त्यामुळे ग्रॅमही घटले, असे तो म्हणाला.

या वर्गाच्या पोटावर सरकारी धोरणाचा पाय पडण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी घातली. परकीय चलन वाचवण्याचा हेतू समजण्यासारखा होता. पण भुर्दंड बसला तो तस्करांना नव्हे, कारागिरांना. देशभर हजारो सोनार बेकार झाले, काहींनी आत्महत्या केल्या. कॅरटची अट १९६६ मध्ये गेली, तरी १९६८ च्या कायद्याच्या रूपाने नियंत्रण टिकले. ते रद्द झाले १९९० साली, आपले मधु दंडवते अर्थमंत्री असताना. (गंमत अशी की, कायद्याचा बडगा उगारूनही जे चौदा कॅरट लोकांच्या गळी उतरले नाही, ते आज हिऱ्याच्या अंगठ्यांत तरुण मंडळी हौसेने घेतात.)

आता प्रश्न हॉलमार्कचा आहे. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक आला. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच. शुद्धतेच्या नावाखालील जुनी लूट त्याने आटोक्यात आली. परंतु छाप मारून घेण्याचा अधिकार नोंदणीकृत सराफाला आहे. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यास सक्तीतून सूट आहे खरी, पण छापाविना दागिना आज घेणार कोण? म्हणजे सोन्याच्या शुद्धतेची हमी आली, आणि घडवणारा हात पेढीच्या आड आणखी मागे गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सोनारांचा समावेश आहे. तिच्यात प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी साहाय्य आहे, पाच टक्के व्याजाचे कर्ज आहे. थेट गिऱ्हाईक मात्र नाही.

पुण्यातील कार्यकर्त्यांनी या माड्या चढाव्यात असे मला वाटते. कारागिरांची सहकारी संस्था काढून तिच्या नावे हॉलमार्कची नोंदणी घेणे अशक्य नाही. ग्राहक तेथे सोने आणि नक्षी घेऊन थेट जाऊ शकेल. ते होईपर्यंत निदान पावतीवर घडणावळ रुपयांत लिहिली जावी आणि त्यातील कारागिराची मजुरी वेगळी दाखवावी, एवढी मागणी ग्राहक संघटनांबरोबर करता येईल. परप्रांतीय म्हणून या माणसांकडे पाठ फिरवणाऱ्यांनी आपल्या घरातील मंगळसूत्र कोणी ओवले याची एकदा चौकशी करावी.

आमची अंगठी अखेर झाली. पेठेतीलच एका लहान, नोंदणीकृत सोनाराने मध्यस्थी केली. पोत आमच्यासमोर वितळली, घट आमच्यासमोर मोजली, घडणावळ रुपयांत ठरली आणि काम त्या वडीलधाऱ्या कारागिराने केले. दाण्यांची ओळ कोठेही तुटलेली नाही. पावतीवर कारागिराचेही नाव लिहा, असा आग्रह मी धरला. दुकानदाराची हरकत नव्हती. कारागीरच घाईने म्हणाला, “नको सर, बाकीचे शेठ लोक काम बंद करतील.”