'घरचा' पाव म्हणजे कोणाच्या घरचा?

घरचे ते सारे सकस आणि विकतचे ते सारे हलके, अशी आपल्या समाजाची एक लाडकी समजूत आहे. या समजुतीला अलीकडे एक परदेशी पाहुणा मिळाला आहे. पारंपरिक फ्रेंच पाव घरी भाजण्याचा छंद जगभर पसरला आहे. लांबट, कुरकुरीत कवचाचा, आतून जाळीदार पाव विजेच्या भट्टीतून बाहेर आला की करणारा धन्य होतो आणि "ही खरी फ्रेंच परंपरा!" असे अभिमानाने सांगतो. छंदाला माझा मुळीच विरोध नाही. आक्षेप आहे तो 'परंपरा' या शब्दाला. कारण फ्रान्समधल्या शहरांची परंपरा नेमके उलट सांगते: पाव घरी भाजू नका, बेकरीतून आणा!

हे विधान कोणास चमत्कारिक वाटेल. म्हणून थोडा इतिहास पाहू. सरंजामी काळात फ्रान्सच्या अनेक भागांत गावची भट्टी जमीनदाराच्या मालकीची असे. रयतेने पीठ घरी मळावे, पण भाजायला त्याच भट्टीवर आणावे आणि वर भाजणावळही द्यावी, असा दंडक होता. १७८९ च्या क्रांतीनंतर ही सक्ती संपली. तरी सामाईक भट्ट्या खेडोपाडी राहिल्याच. आल्प्स पर्वतातल्या व्हिलार-दारेन या गावी तर राय धान्याचा पाव वर्षातून एकदाच भाजून ठेवण्याची रीत होती. खेड्यातल्या घरचा पाव असा: मोठा, जड, आंबूस आणि बरेच दिवस पुरणारा. आज ज्याला आपण फ्रेंच पाव म्हणतो, तो लांब, पांढरा आणि रोज ताजा लागणारा पाव शहरातल्या बेकरीत जन्मला. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, त्या घरात भट्टी नाही म्हणून नव्हे. बेकरीत पाव मिळेना म्हणून!

फ्रान्सचा कायदाही हेच बोलतो. १३ सप्टेंबर १९९३ च्या सरकारी हुकुमान्वये 'पारंपरिक फ्रेंच पाव' कशाला म्हणावे हे ठरले. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. रासायनिक पूरके नाहीत, गोठवणे नाही. घेवडावर्गीय कडधान्याचे, सोयाबीनचे वा माल्टचे पीठ अगदी थोड्या प्रमाणात चालते, एवढीच सवलत. याच हुकुमात 'पें मेझाँ' म्हणजे शब्दशः 'घरचा पाव' याचीही व्याख्या आहे. ती काय असावी? ज्या जागी विकला जातो त्याच जागी मळलेला, वळलेला आणि भाजलेला पाव! म्हणजे तिथे 'घर' हा शब्द दुकानासाठी आहे. पुढे १९९८ साली कायदा झाला, की जागेवर स्वतः पाव न करणाऱ्याने 'बूलांजरी' अशी पाटी लावू नये. २०२२ साली युनेस्कोने बॅगेट पावाला वारशाच्या यादीत घेतले, तेव्हाही गौरव झाला तो कारागिराच्या कौशल्याचा आणि त्याभोवतीच्या संस्कृतीचा.

मग घरच्या भट्टीतल्या पावाला प्रतिष्ठा कोठून आली? पुष्कळशी अमेरिकेतून. ज्यूलिया चाइल्ड आणि सिमोन बेक यांच्या पाककृतींच्या ग्रंथाचा दुसरा खंड १९७० साली निघाला, त्यात या पावाची सविस्तर कृती आहे. चाइल्डबाईंनी ती पॅरिसचे अध्यापक रेमों काल्व्हेल यांच्याकडून शिकून घेतली. बेकरीच्या भट्टीत वाफ सोडण्याची सोय असते. घरी ती नाही, म्हणून तापलेली वीट पाण्यात टाकून वाफ काढायची युक्ती त्यांनी सांगितली. वाफेमुळे कवच लवकर कडक होत नाही, पाव मनसोक्त फुगतो आणि वर चकाकी येते. हे सारे कशासाठी? तर तसा पाव त्यांच्या वाचकांना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नव्हता म्हणून. घरी भाजलेला फ्रेंच पाव ही परंपरा नव्हे. परंपरा जवळ नसल्याची उणीव भरून काढण्याची ती कल्पकता आहे. आणि कल्पकतेला मी कमी लेखत नाही.

कोणी म्हणेल, शब्दांचा कीस कशाला काढता? पाव चांगला झाला की झाले! यात तथ्य आहे. महायुद्धानंतर फ्रान्समधल्याच बेकऱ्यांनी वेगवान यंत्रांनी पीठ फार मळायला सुरुवात केली. पाव पांढराशुभ्र झाला आणि चव गेली. काल्व्हेल यांनी आयुष्यभर याविरुद्ध लिहिले. पीठ आणि पाणी कालवून वीस-तीस मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे मळणे कमी लागते, ही त्यांची पद्धत आज जगभर वापरतात. अर्धा किलो पिठाला सुमारे ३३० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि चिमूटभर यीस्ट एवढ्या सामग्रीत खरी किंमत आहे ती आंबण्याला दिलेल्या तासांची. जो घरी ते तास देतो तो घाईच्या बेकरीपेक्षा परंपरेच्या अधिक जवळ आहे, हे मी मान्य करते.

पण ते तास कोणाचे? प्रश्न इथेच आहे. बेकरीतल्या कामगाराच्या रात्री मोजल्या गेल्या. १९१९ साली फ्रान्समध्ये रात्री १० ते पहाटे ४ पर्यंत पाव करण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्याच्या श्रमाला मजुरी आहे, पावाला भाव आहे. आमच्या घरी आई दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापते. त्या तासांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही, आणि त्याला कोणी कला म्हटल्याचेही मी ऐकलेले नाही. उलट एखाद्या दिवशी पाव विकत आणला, तर "घरात बाईमाणूस नाही का?" असा प्रश्न येतो. फ्रान्समधल्या गृहिणीला असे कोणी विचारत नाही. तसे दूर कशाला जा? आपल्या गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला, पण तो भाजतो पोदेर, आणि घरोघर तो पोचवला जातो. विकतच्या पावाने गोव्यातल्या घरांची माया काही आटलेली नाही!

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की फ्रेंचांची परंपरा उचलायचीच असेल तर तिच्यातली खरी शहाणीव उचलावी. रोजचे अन्न करणारा कारागीर मानाचा असतो आणि त्याच्यामुळे घरातल्या माणसाला मोकळा वेळ मिळतो, ही ती शहाणीव. सुटीच्या दिवशी हौसेने पाव जरूर भाजावा. पण पीठ मळायला घरातल्या पुरुषांनीही बाह्या सराव्यात, आणि भांडीही त्यांनीच घासावीत. मग पाव फसला तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याशी आठ आण्यांसाठी हुज्जत घालताना जीभ जरा अडखळली आणि ताटातली भाकरी कोणी थापली याची आठवण झाली, तरी त्या छंदाचे सार्थक झाले असे मी समजेन.