दीड कोटी डॉलरची सूट आणि रत्नागिरीतल्या भावाचा हिस्सा

अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून केंद्रीय इस्टेट टॅक्सची सूट माणशी दीड कोटी डॉलर झाली आहे. २०२५ मध्ये ती १ कोटी ३९ लाख ९० हजार होती, आणि त्या वर्षी जुलैत नवा कायदा झाला नसता तर जवळपास निम्म्यावर आली असती. एवढी मालमत्ता आपल्यापैकी कितीजणांकडे असणार? म्हणून तिकडे असलेले आपले लोक निर्धास्त आहेत. भारतात हा कर १९८५ पासून नाही, त्यामुळे सवयही नाही. आम्हाला मात्र हा निर्धास्तपणा धोक्याचा वाटतो.

एक तर ही सूट अमेरिकन नागरिकांना आणि अमेरिकेलाच कायमचं घर मानून राहणाऱ्यांना आहे. इन्कम टॅक्ससाठी जे दिवस मोजतात त्यांचा इथे संबंध नाही. माणसाचा परत जायचा इरादा होता की नाही, हे कागदपत्रांवरून आणि राहणीवरून ठरवतात. एच-वन-बी व्हिसावर दहा वर्षं राहिलेला आपला मुलगा सगळ्यांना सांगत असतो, पोरं मोठी झाली की गावी जाणार. त्याचा इंतिकाल झाला आणि कर खात्याने तोच इरादा खरा धरला, तर सूट उरते ६० हजार डॉलर. त्याच्या एकट्याच्या नावावर ६ लाख डॉलरचं, कर्ज फिटलेलं घर असेल तर कर बसतो साधारण १ लाख ८० हजार डॉलर. इस्टेट टॅक्सबाबत भारत-अमेरिका करारही नाही. इथे महाराष्ट्रात बसून मोबाइलवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांनाही हीच ६० हजारांची मर्यादा लागू होते. अशा लोकांची तिथल्या बँकेतली साधी ठेव आणि आयुर्विम्याची रक्कम मात्र यात धरत नाहीत.

नवऱ्याकडून बायकोला गेलेल्या मालमत्तेवर कर नाही, ही तिकडची मोठी सवलत. पण बायको अमेरिकन नागरिक नसेल तर ती थेट मिळत नाही. तिला मिळणारं सगळं एका खास ट्रस्टमध्ये ठेवावं लागतं, वकील त्याला 'क्यूडॉट' म्हणतात, आणि त्यात एक तरी ट्रस्टी अमेरिकन लागतो. मृत्युपत्रात तशी तरतूद नसली तरी कराचं विवरणपत्र भरण्याआधी विधवेला असा ट्रस्ट करता येतो. आपली गाडी अडते ती पुढे. मुलं असताना बायकोचा हिस्सा आठवा. बाकीच्या सात हिश्श्यांना ही सवलत नाहीच. "सगळं बायकोच्या नावे करा" हा वकिलाचा सल्ला कराच्या हिशेबाने बरोबर असतो, पण गावी मरहूमची आई हयात असेल तर तिचा सहावा हिस्सा त्यात जातो.

न्यू जर्सीचं उदाहरण घेऊ. या राज्याने आपला इस्टेट टॅक्स २०१८ पासून रद्द केला, पण वारसांवरचा वेगळा कर ठेवला. बायको, मुलं, आई-वडील यांना तो माफ. भावाला पहिले २५ हजार डॉलर माफ, त्यापुढे ११ ते १६ टक्के. पुतण्याला १५ टक्क्यांपासून. आता मरहूमच्या मागे बायको, दोन मुली आणि रत्नागिरीत एक सख्खा भाऊ आहे, आई-वडील नाहीत असं समजा. कर्जं फेडून १२ लाख डॉलर उरले. सुन्नी फिकहप्रमाणे बायकोला दीड लाख, मुलींना मिळून ८ लाख, आणि असबा म्हणून भावाला अडीच लाख. त्या अडीच लाखांवर कर होतो २४,७५० डॉलर. मृत्युपत्रच नसेल तर? मुली दोघांच्याच असतील तर त्या राज्याच्या कायद्याने सगळं बायकोला. भावाला काही नाही, मुलींनाही नाही.

हयातीत हिबा करावा, तर मृत्यूआधीच्या तीन वर्षांत दिलेली देणगी मृत्यूच्या विचाराने दिली असं गृहीत धरून कर लावतात. आपल्याकडच्या मर्ज-उल-मौतच्या नियमाचीच आठवण यावी. नाव घालून भावाला दिलेल्या आयुर्विम्याच्या रकमेवर हा कर नाही, पण विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निर्णय ज्याचा त्याने करावा.

मसुद्याबाबत आमचं म्हणणं ठाम आहे. "शरियतप्रमाणे वाटणी करावी" एवढं एक वाक्य लिहून थांबू नये. तिथलं न्यायालय धार्मिक कायद्याचा अर्थ लावायला कचरतं. कोण हयात असेल तर कुणाला किती, हे अपूर्णांकांत लिहावं आणि हिशेब कोण करील त्याचं नाव घालावं. कायमचं घर कोणतं हेही लिहावं, पण ते व्हिसाच्या आणि बाकीच्या कागदांशी जुळलं पाहिजे, नाहीतर ती ओळ उलटू शकते. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावरचं घर आणि नोकरीतलं ४०१-के खातं मृत्युपत्राप्रमाणे वाटलं जात नाही. घर हयात जोडीदाराकडे जातं. खात्याचंही साधारण तेच. तिथे दुसरं नाव घालायला बायकोची लेखी संमती लागते.

विवरणपत्राची मुदत न्यू जर्सीत आठ महिने, केंद्राची नऊ. मरहूमच्या बँक खात्यातून भावाला हिस्सा द्यायचा तर न्यू जर्सीचं कर खातं परवानगी देईपर्यंत बँक साधारण निम्मीच रक्कम सोडते.