कलावंताला शाल नव्हे, संस्थेचा आधार द्या

काही महिन्यांपूर्वी अंबड तालुक्यातील एक वयोवृद्ध गायक जालन्यास माझ्या कार्यालयात आले. शासनाकडून ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना जे मानधन मिळते, त्याचा अर्ज त्यांना करावयाचा होता. २०२४ पासून हे मानधन दरमहा ५००० रुपये झाले आहे. अर्जासोबत कलासेवेचा पुरावा लागतो. मी तो मागितला, तेव्हा त्यांनी कापडी पिशवी उघडून एकामागून एक शाली टेबलावर ठेवल्या. चाळीस वर्षे गावोगाव भीमगीते गायिल्याची ती कमाई होती.

“एखाद्या मंडळाचे पत्र? बिदागीची एखादी पावती?” मी विचारले.

ते म्हणाले, “वकीलसाहेब, समाजाच्या कामाची पावती कशी मागावी?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वृद्ध गृहस्थाने नव्हे, आपण दिले पाहिजे. विशेषतः ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली, त्यांनी याचा विचार अगत्याने करावा. कारण जुने काय टाकावयाचे आणि काय राखावयाचे, हा प्रश्न त्यांच्या घरात आज उभा आहे.

गावगाड्यात आपल्या पूर्वजांनी वाद्ये वाजविली, दवंडी दिली, निरोप वाहिले. त्याचा मोबदला ठरलेला नव्हता आणि नकार देण्याची सोय नव्हती. म्हणून दीक्षेनंतर अनेकांनी हलगी खाली ठेवली, आणि ते योग्यच होते. परंतु लाजिरवाणी हलगी नव्हती, लाजिरवाणी होती ती वेठ. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली आहे. कोणी स्वखुशीने सेवा करील तर ती वेठ नव्हे, हे मी वकील म्हणून मान्य करतो. परंतु ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याची सेवा स्वखुशीची कशी म्हणावी? गावाने जे पाटलाच्या नावाने केले, तेच आपण चळवळीच्या नावाने करीत नाही ना, हे प्रत्येक मंडळाने स्वतःस विचारावे.

कला आपल्या चळवळीत शोभेसाठी आली नाही. वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्या काळी भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यांत पोहोचविला. तमाशाचा जुना साचा घेऊन त्यांनी त्यात नवा आशय भरला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी तर अक्षरओळख उशिरा होऊनही आयुष्यभर गाणी रचली आणि पायाला भिंगरी लावून ती गावोगाव गायिली. आज ज्या घरात एकही ग्रंथ नाही, त्या घरातही त्यांचे गाणे आहे.

परंतु टाळ्या एका रात्रीच्या असतात, संस्था मात्र पिढ्यांच्या असतात. बाबासाहेबांनी केवळ सभा गाजविल्या नाहीत. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा अशा संस्था त्यांनी उभ्या केल्या. १९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. जालना तेव्हा त्याच जिल्ह्याचा एक भाग होता, स्वतंत्र जिल्हा तो १९८१ मध्ये झाला. शिक्षणासाठी काढलेल्या त्या संस्थेच्या छायेत म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक रंगमंचावर आले, आणि पुढे त्याच परिसरातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले. संस्था असेल तर कलेस घर मिळते.

संस्थेने काय करावे, याचा दाखला गोदावरीच्या पलतीरालाच आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी पुण्यातील आपल्या संशोधन संस्थेमार्फत जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बौद्ध स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. त्या कामाचा मोठेपणा असा, की ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले गेले. आपल्या परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबादच्या वस्त्यांत अशा किती आया आहेत? त्यांच्या ओव्या कोणत्या वहीत आहेत?

आता कायद्याचे दोन शब्द. सात व्यक्ती एकत्र आल्या की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदविता येते, आणि धर्मादाय हेतू असल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही तिची नोंद करावी लागते. हिशेब ठेवावा लागतो, तो तपासून घ्यावा लागतो. याचा कंटाळा करू नये. वर्गणीचा चोख हिशेब हीच कार्यकर्त्याच्या अब्रूची ढाल होय. ज्या मंडळाकडे नोंदणी नाही, त्याच्या पत्रास कचेरीत वजन नाही.

गीतांचाही हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या रचनांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. गायकाच्या सादरीकरणासही स्वतंत्र संरक्षण आहे. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी करारच लागतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच समजली जाते. परंतु आपल्या कवीची गाणी तोंडी घेतली जातात, भ्रमणध्वनीवर चित्रित होतात, विकली जातात, आणि कवीचे घर मात्र गळतेच राहते.

कोणी म्हणेल, पैशाची भाषा आली की मिशन संपले. मी विचारतो, १४ एप्रिलला ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करणाऱ्यास आपण आगाऊ रक्कम देतो, मंडपवाल्यास देतो, विजेवाल्यास देतो, तेव्हा मिशन संपत नाही काय? मग ढोलकीवर ज्याची बोटे सोलली, त्याच्याच वेळी ते का संपावे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक कार्यक्रमाचे लेखी निमंत्रण द्या आणि त्याची प्रत मंडळात ठेवा. बिदागी आधी ठरवा आणि पावतीवर द्या. ज्याला ती नको असेल, त्याने ती स्वहस्ते संस्थेस परत दान करावी, म्हणजे दानही नोंदले जाईल. विहारात एक वही ठेवा, तीत गाणे, कवी, गायक, गाव व तारीख लिहा. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलामुलींना वाद्य शिकविण्यासाठी वृद्ध कलावंतास मानाने बोलवा आणि त्या शिकवणीचे मानधन द्या. यास मोठा निधी नको, शिस्त हवी.

त्या वृद्ध गायकांचा अर्ज आम्ही केला. पाच गावांच्या कार्यकर्त्यांना गाठून, जुन्या पत्रिका धुंडाळून, प्रतिज्ञापत्रे करून कागद जमविले. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. जाताना त्यांनी शाली पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवल्या. पुढच्या गायकाने माझ्याकडे यावे तेव्हा त्याच्या पिशवीत कागद असावेत. ते कागद देणे आपल्या हाती आहे.